आधीचा आवाज

मॅडमनी बटण दाबलं आणि भर सभागृहात माझा बाप मेंढीवर चढला.

"माय फादर वर्क्स ऑन अ शीप."

आवाज माझा. म्हणायचं होतं शिप, म्हणजे जहाज. तोंडातून निघालं शीप, म्हणजे मेंढी. पुढच्या रांगेतले पाहुणे आधी गालात हसले. मग मॅडमनी टेप मागे घेतली आणि तेच वाक्य पुन्हा लावलं. तेव्हा मोकळे हसले. एका गृहस्थांनी तर मांडीवर थाप मारली. मॅडम त्यांच्याकडे बघून म्हणाल्या, "म्हणजे वडील मेंढीवर नोकरीला आहेत बरं का!" पुन्हा हशा.

मी मागच्या रांगेत बसले होते. माझ्या शेजारणीने माझ्याकडे बघितलं आणि लगेच मान फिरवली.

"ही आमची एक विद्यार्थिनी. जूनमध्ये आली तेव्हाचा हा आवाज," मॅडम म्हणाल्या. "आता तीच विद्यार्थिनी ऐका. आमच्या भाषा प्रयोगशाळेत सराव केल्यानंतर."

दुसरी कॅसेट लागली. तोच उतारा, तीच वाक्यं. आवाज स्वच्छ, सावकाश, प्रत्येक शब्द जागच्या जागी. पाहुण्यांच्या भुवया वर गेल्या. टाळ्या पडल्या. प्राचार्यांनी मान तुकवून त्या टाळ्या स्वीकारल्या, जणू त्यांच्याच घशातून तो आवाज निघाला होता.

तो आवाज माझा नव्हता.

मीनलचा होता. मीनल रत्नागिरीतल्या एका नावाजलेल्या डॉक्टरांची मुलगी. शाळा पुण्याच्या कॉन्व्हेंटमधली. आमच्या बी.एड. कॉलेजात ती आली तीच तसं बोलत आली. प्रयोगशाळेने तिला काही शिकवलं नव्हतं. तिचा तो आवाज टेपवर घेतला होता पहिल्याच आठवड्यात. आणि आता तो माझा 'नंतरचा' आवाज झाला होता.

वर्गातल्या सगळ्यांना कळलं. मीनलचा आवाज कोण ओळखणार नाही? सगळ्यांना कळलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. उद्या हेच लोक मास्तर होणार होते.

मी दाभोळची. आम्ही खारवी. बापूस मालवाहू बोटीवर खलाशी, आवस, म्हणजे आई, मासळी सुकवते, बाजारात बसते. घरात पहिली बी.ए. झालेली मी. बी.एड.ला इंग्रजी अध्यापन पद्धती घेतली, कारण इंग्रजीच्या शिक्षकाला कुठेही नोकरी मिळते असं ऐकलं होतं. इंग्रजी मला लिहिता येत होतं, वाचून समजत होतं. तोंडाने बोललेलं मात्र कधी कोणी ऐकलंच नव्हतं. शाळेत मास्तर इंग्रजी मराठीतून शिकवायचे. मोठ्याने वाचायला पुढच्या बाकावरच्या मुलांना उठवायचे. मागच्यांनी ऐकायचं.

त्या वर्षी कॉलेजात भाषा प्रयोगशाळा आली. मुंबईहून टेम्पोतून खोकी आली. एका खोलीत प्लायवुडचे कप्पे केले. प्रत्येक कप्प्यात एक टेपरेकॉर्डर, एक हेडफोन, एक माइक. समोर मॅडमचं टेबल, त्यावर बटणांची रांग. बटण दाबलं की मॅडमना कुठल्याही कप्प्यातलं ऐकू यायचं. त्या बोलल्या की आमच्या कानात. खिडक्या बंद, पडदे ओढलेले, दारात चपला काढायच्या. जांभ्याची लाल माती आत आली तर यंत्र बिघडतं म्हणे. सबंध कॉलेजात त्या एका खोलीला एवढा मान होता.

काम असं: कॅसेटवर एक इंग्रज बाई एक वाक्य वाचायची. मग थांबायची. त्या मोकळ्या जागेत आपण तेच वाक्य वाचायचं. ते टेपवर उतरायचं. मग टेप मागे घेऊन दोन्ही ऐकायचं. तिचं, मग आपलं. तिचं, मग आपलं. कुठे घसरलो ते आपल्यालाच कळायचं.

पहिल्यांदा माझा आवाज मला ऐकू आला तेव्हा मी हेडफोन काढून टाकला. हा कोणाचा आवाज? एवढा जाड? शेवटचा शब्द असा लांबवतेय कोण? वाक्याच्या शेवटी सूर वर जातोय, आमच्या बाजारात भाव सांगताना जातो तसा. मग पुन्हा लावला. पुन्हा ऐकला. आणि मला एक गोष्ट कळली. ती बाई माझ्यासाठी थांबत होती. आजवर माझं वाक्य पुरं होईपर्यंत कोणी थांबलं नव्हतं. यंत्र थांबत होतं. यंत्र हसत नव्हतं.

हसायला माणसं होती.

मॅडमच्या टेबलावर स्पिरिटची बाटली आणि कापूस असायचा. तास संपला की हेडफोन पुसायचे. सगळे नव्हे. ठरावीक कप्प्यांतले. माझा, राजापूरकडच्या एका कातकरी मुलाचा, आणि जुवे बेटावरून येणाऱ्या एकीचा. मी आधी समजले, आमच्या कप्प्यांत दमट हवा जास्त येत असेल. खुळी होते.

एकदा आम्ही कप्प्यांत बसलो होतो. मॅडमच्या टेबलाशी मीनल उभी होती. मॅडम तिला हळूच म्हणाल्या, "कोळंबीचा वास लवकर जात नाही गं. कितीही पुसा."

माइक चालू राहिला होता. ते वाक्य सगळ्यांच्या कानात एकदम शिरलं. स्पष्ट. जवळून. तो हेडफोन चांगला होता, प्रत्येक अक्षर कळलं.

 मॅडमनी माइक बंद केला आणि म्हणाल्या, "पुढचं वाक्य."

मी वसतिगृहात राहत होते. तिथे दोन्ही वेळा वालाची उसळ आणि आमटी. मासळीचा वास घेऊन मला महिना झाला होता. वास माझ्या अंगाला नव्हता. मॅडमच्या नाकात होता. तो कुठल्या स्पिरिटने जाणार?

तरी मी त्या खोलीत जात राहिले. मधल्या सुट्टीत यंत्रावर बसू द्या म्हणून मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "बस की. खोली झाडून घे, कप्पे पुसून घे, मग बस." इतर मुलींना झाडायला सांगितलं नसतं. मी झाडलं. कप्पे पुसले. मग हेडफोन लावून बसले आणि ती इंग्रज बाई आणि मी, आम्ही दोघी वाचत सुटलो. शिप, शीप. फिट, फीट. वेस्ट, व्हेस्ट. जीभ दाताला कुठे लागते, ओठ कधी गोल होतात. घशाला कोरड पडेपर्यंत. तोंड दुखायचं. वाळूत जाळं ओढल्यावर दंड दुखतात तसं जबड्याला दुखायचं.

आणि फरक पडला. जहाज जहाजाच्या जागी आलं. मेंढी मेंढीच्या. अडखळणं गेलं. उताऱ्याचा शेवट गाठेपर्यंत श्वास पुरायला लागला. मी माझा आवाज नव्याने टेपवर घेतला आणि मॅडमना ऐकवला. मला कौतुक हवं होतं, खोटं कशाला बोलू.

मॅडमनी अर्धं ऐकलं.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "पण अजून बंदर येतंच गं मधूनमधून."

बंदर येतं. म्हणजे आता उच्चार चुकत नव्हता. आता मी कुठून आले ते ऐकू येत होतं, आणि तेच चुकत होतं. मॅडम पुण्याच्या. त्यांच्या इंग्रजीत पुणं यायचं, चांगलं खणखणीत यायचं. पण मॅडमचा आवाज कधी कॅसेटवर चढला नाही. बटण ज्याच्या हातात, त्याचा आवाज तपासायचा नसतो.

म्हणून मग सभागृहात माझा आधीचा आवाज लागला आणि नंतरचा मीनलचा. माझा खरा नंतरचा आवाज मॅडमनी पुसून टाकला होता. त्याच कॅसेटवर वार्षिक संमेलनाचं स्वागतगीत घेतलं होतं.

दिवाळीच्या सुट्टीआधी मॅडमनी मला खोलीत बोलावलं. प्राचार्य बसले होते. मॅडमचा सूर एकदम मऊ.

"सुट्टीनंतर मुंबईहून मोठे पाहुणे येतायत. आपल्याला आणखी यंत्रं मिळायची आहेत. मागच्या वेळचं प्रात्यक्षिक सगळ्यांना फार आवडलं. आता पाहुण्यांना ती विद्यार्थिनी प्रत्यक्ष बघायची आहे. तू उभं राहायचंस. नमस्कार करायचा. बस्स."

"बोलायचं काय?"

"बोलायचं नाही. बोलणं टेपवर आहे ना."

"ते मीनलचं आहे."

"अगं, ते कोण सांगायला जातंय?"

"मग मीनललाच उभं करा."

मॅडम हसल्या. लहान मुलाला समजवावं तसं म्हणाल्या, "मीनलला उभं केलं तर आधीचा आवाज तिचा होता हे कोणाला पटेल? तू उभी राहिलीस की लगेच पटतं."

प्राचार्य इतका वेळ पेपर चाळत होते. आता त्यांनी मान वर केली. "अंतर्गत गुण मॅडमच्या हातात असतात. आणि इथल्या गावातल्या हायस्कूलचे अध्यक्ष आपल्या मंडळावर आहेत. त्यांना इंग्रजीची शिक्षिका हवी आहे. विचार कर."

म्हणजे मुकी उभी राहा आणि बोलायला शिकवण्याची नोकरी घे. हे त्यांना विचित्र वाटत नव्हतं. दोघंही शिकलेले. एकाने तर शिक्षणाच्या तत्त्वज्ञानावर पुस्तक लिहिलेलं.

मी होय म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. सुट्टीत घरी गेले.

बापूस घरी आलेला होता. बोट दुरुस्तीला लागली होती, म्हणून सुट्टी. सिंगापूरहून त्याने टू-इन-वन आणला होता, रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकातच. सगळी खारवीवाडी बघून गेली. त्यात आवाजही भरता येतो म्हटल्यावर बापूस खूश. फराळाला शेजारपाजारचे जमले होते. कोणीतरी म्हणालं, "तात्या, तुझी ती साहेबाची गंमत भर की टेपात."

साहेबाची गंमत आम्हाला पाठ होती. बोटीवर एक चीफ ऑफिसर होता. पार्टी असली की तो बापसाला वर बोलवायचा. सगळे ऑफिसर पेले घेऊन बसलेले. तो म्हणायचा, "खलाशी, से व्हेरी वेल, सर." बापूस म्हणायचा, "वेरी व्हेल, सार." व्हेल म्हणजे देवमासा. ऑफिसर पोट धरून हसायचे. पुन्हा म्हण, पुन्हा म्हण. मग बापसाला एक बियर मिळायची. बापूस हे सगळं करून दाखवायचा. साहेबाचं डुलणं, स्वतःचा सलाम, डोळे मोठे करणं. आम्ही लहानपणापासून त्याच्यावर हसत आलो होतो. आवससुद्धा पदर तोंडाला लावून हसायची.

त्या दिवशी त्याने ती गंमत टेपवर भरली. माणसं हसली, चहा पिऊन गेली. संध्याकाळी घरचेच होतो. बापूस म्हणाला, "लाव गो बाय, कसा झालाय बघू."

मी लावलं.

टेपवर डुलणं नव्हतं. मोठे केलेले डोळे नव्हते. फक्त आवाज होता. एक पिकलेला माणूस म्हणत होता, वेरी व्हेल सार. वेरी व्हेल सार. वेरी व्हेल सार. आणि मागे माणसं हसत होती. आमची माणसं. त्यात माझं हसणंही ऐकू येत होतं.

बापसाचा चेहरा उतरत गेला. तो हे पहिल्यांदाच ऐकत होता. इतकी वर्षं त्याने ते केलं होतं, ऐकलं कधीच नव्हतं.

"बंद कर," तो म्हणाला.

मी बंद केलं. तो उठून पडवीत जाऊन बसला.

मग मी माझं सांगितलं. मेंढीचं, स्पिरिटचं, मीनलचं, गुणांचं, नोकरीचं. पडवीतून बापूस ऐकत होता. शेवटी म्हणाला, "नोकरी लागंल गो. घटकाभर उभं तर ऱ्हायचं. मी नाय ऱ्हायलो?"

आवस पाटावर सुरमई कापत होती. तिने मान वर केली नाही.

"मुकी पोर मी जनली नाय," ती म्हणाली. आणि कोयती माशावर मारली.

 मला बापसाची दया आली आणि त्या ऑफिसरांची किळस आली. समुद्रात महिनोन्महिने बोट चालवायला हा माणूस लागतो, आणि करमणूक म्हणून त्याची जीभ लागते. मॅडम काय वेगळं करत होत्या? फक्त पेला नव्हता हातात. कापूस होता.

सुट्टी संपली. मी परत गेले. मॅडमनी विचारलं, "ठरलं ना?" मी म्हटलं, "उभी राहते." खरंच तेवढंच म्हटलं.

मुंबईचे पाहुणे आले. जीप, हार, कोकम सरबत. सभागृहाला पताका. मला मॅडमनी साडीसुद्धा सांगितली होती. "साधी सुती नेस. जरीकाठी नको." पहिल्या रांगेच्या टोकाला मला बसवलं. मीनल मागे बसली होती.

टेप लागली. मेंढी आली. पाहुणे हसले. मुंबईचे असले म्हणून हसणं काही वेगळं नव्हतं. पुन्हा मागे घेतली, पुन्हा हसले. मग मीनल लागली. टाळ्या.

"आणि ही ती मुलगी," मॅडम म्हणाल्या. "दाभोळच्या एका खलाशाची मुलगी."

मी उठले. नमस्कार केला नाही. चालत माइकपाशी गेले. मॅडमना वाटलं गोंधळले. त्या दबक्या आवाजात म्हणाल्या, "तिथे नाही, तिथे नाही."

मी माइकमध्ये बोलले. इंग्रजीत. इंग्रजीतच बोलायचं ठरवलं होतं. मराठीत बोलले असते तर म्हणाले असते, बघा, येतच नाही हिला.

"द फर्स्ट व्हॉइस इज माइन. द सेकंड व्हॉइस इज नॉट माइन. माय थर्ड व्हॉइस, दे हॅव इरेज्ड. प्लीज लिसन नाऊ."

आणि मी तोच उतारा पहिल्या वाक्यापासून वाचायला लागले. माय फादर वर्क्स ऑन अ शिप. पाठ होता. 

प्राचार्यांनी खूण केली. माइक बंद झाला.

बंद झाला तर झाला. मी बाजारात वाढलेली. चार होड्या एकदम लागल्यावर आमच्या बायका आवाज पोचवतात त्याला माइक लागत नाही. मी तसाच आवाज काढला आणि वाचत राहिले. मॅडम माझा दंड धरून ओढत होत्या. मी वाचत होते. मधे एका शब्दावर अडखळले, मागे आले, तो शब्द पुन्हा म्हटला, पुढे गेले. शेवटचं वाक्य वाचलं. पूर्णविरामापर्यंत.

मग काय झालं? तुम्हाला वाटेल पाहुण्यांची मान खाली गेली. छट. मधल्या खुर्चीतल्या मुख्य पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. "व्हेरी गुड, व्हेरी गुड, सिट डाऊन," ते म्हणाले. त्यांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला. मी काय म्हणाले ते त्यांनी ऐकलंच नव्हतं. दुसऱ्या एकाला कळलं असावं. त्याने घड्याळ बघितलं. मग चहा आला, आंबावडी आली, आणि त्यांनी ती खाल्ली. पुढे कॉलेजला यंत्रंही मिळाली. अशांच्या पुढे उभं राहून टाळ्या मिळाव्यात म्हणून माणसं लोकांचे आवाज चोरतात. ज्यांना ऐकूही येत नाही अशांच्या पुढे.

ओट्यावर मीनलने मला गाठलं. तिचे डोळे भरलेले.

"मला वाटलं तुला चालेल," ती म्हणाली.

"काय चालेल?"

"म्हणजे... चांगलाच आवाज होता ना. तुझं नाव झालं असतं."

ती वाईट मुलगी नव्हती, असं लोक म्हणतात. मी म्हणते, असेल. पण तिला वाटलं मला चालेल. तिच्या आवाजाच्या जागी कोणी माझा लावला असता तर तिच्या वडिलांनी कॉलेज डोक्यावर घेतलं असतं. माझ्या जागी तिचा लावला तर ते माझं भाग्य. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. हे अशांना शिकवावं लागत नाही.

"मला नाही चालत," मी म्हटलं आणि निघाले.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी बोलावलं. वर्गासमोर मॅडमची माफी मागायची. मॅडम खुर्चीत बसून डोळे टिपत होत्या. "हिच्यासाठी मी किती केलं," त्या म्हणत होत्या. "मधल्या सुट्टीत खोली उघडून द्यायचे."

"ती मी झाडून द्यायचे," मी म्हटलं.

"माफी मागणार की नाही?" प्राचार्य म्हणाले.

"मी खोटं काय बोलले ते सांगा. तेवढ्याची मागते."

 माफी मी मागितली नाही. अंतर्गत गुण मिळाले ते जेमतेम काठावरचे. इंग्रजीच्या सराव पाठांवर मॅडमनी शेरा दिला, 'उच्चार ग्रामीण'. गावातल्या हायस्कूलने मला मुलाखतीला बोलावलं नाही. तिथे मीनलची मैत्रीण लागली.

मला नोकरी मिळाली दापोलीपासून आत, डोंगरातल्या एका शाळेत. एसटी दिवसातून मोजक्या वेळा येते, पावसात तीही दरडीपर्यंतच. पोरांचे बाप मुंबईला, घरी आया आणि म्हातारी. शाळेत वीज आहे, असते तेव्हा. बापसाने मला तो टू-इन-वन दिला. मी तो रोज एसटीतून मांडीवर घेऊन जाते.

पोरं वाचतात. मी भरून घेते. मग त्यांचं त्यांना ऐकवते. आधी लाजतात, तोंड लपवतात, मग कान लावतात. स्वतःची चूक स्वतः पकडतात आणि पुन्हा वाचतात. मी सोडत नाही. शिप म्हणजे शिप. जीभ वळेपर्यंत वळवून घेते. मला कोणी म्हणू नये की बिचारी खेड्यातली पोरं, चालायचंच. चालायचं नाही. इंग्रजी नीट यायलाच पाहिजे, ते काही मॅडमच्या माहेरचं नाही. पण पोरांच्या बोलण्यात डोंगर येतो, तो मी पुसत नाही. आणि माझ्या वर्गात वाचणाऱ्यावर कोणी हसला तर पुढचा उतारा त्याने वाचायचा, हा नियम आहे. हसणं आपोआप बंद होतं.

परवा तपासणीला साहेब आले. तालुक्याहून. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. टेपरेकॉर्डर बघून खूश झाले. "वा, आधुनिक! बाई, तुमची सगळ्यात चांगली वाचणारी मुलगी उभी करा. मला जरा घाई आहे."

मी सुमनला उभं केलं. सुमन सगळ्यात चांगली वाचत नाही. सगळ्यात अडखळत वाचते. लांब शब्द आला की थांबते, श्वास घेते, दोनदा तो तोंडातल्या तोंडात म्हणून बघते, मग मोठ्याने म्हणते.

तिने वाचायला सुरुवात केली. दुसऱ्याच ओळीत साहेबांच्या चेहऱ्यावर ते हसू आलं. मला ते हसू ओळखू येतं. कुठेही ओळखू येईल.

"बाई, ही नको, दुसरी कोणीतरी..."

"बसा, साहेब," मी म्हटलं.

"अहो, घाई आहे म्हटलं ना."

"तिचा धडा संपलेला नाही."

साहेब दाराकडे बघायला लागले. मी दारात जाऊन उभी राहिले. सुमन थांबली होती, माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "वाच." तिने वाचलं. एकेक शब्द. सावकाश.  साहेब खुर्चीवर बसले, पाय हलवत, घाम पुसत, आणि त्यांनी ऐकलं. पान उलटलं, तेही ऐकलं. शेवटच्या पूर्णविरामापर्यंत.

माझ्या शाळेवर काय शेरा पडेल ते मला माहीत आहे. पडू दे. बदली करतील, करू देत. जिथे जाईन तिथे वर्ग असेल आणि वर्गात मागचा बाक असेल. तिथलं पोर आधी उठेल, आधी वाचेल, आणि ते वाचून संपेपर्यंत साहेब असो, मॅडम असो, कोणी असो, माझ्या वर्गातून उठणार नाही.